विलायतेहून गोंदियाला

पुणे स्टेशनावर कोल्हापूरहून आलेली महाराष्ट्र एक्स्प्रेस उभी असते, तिच्या डब्यांवर ‘गोंदिया’ अशी पाटी असते, आणि ती वाचून आपण दुसऱ्या फलाटाकडे चालू लागतो. पुण्यामुंबईच्या बहुतेक माणसांच्या लेखी गोंदिया हे गाव नसून पाटीच आहे. जिथे गाडी संपते ते गोंदिया. त्यापुढचे देव जाणे! ही गाडी तेराशेहून अधिक किलोमीटर धावते, एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र खाऊन वर आणखी काही तास मागते, आणि एवढा खटाटोप करूनही महाराष्ट्राची वेस ओलांडत नाही. कोल्हापूरच्या उसातून निघालेला माणूस केळी, कापूस, संत्री मागे टाकीत शेवटी धानाच्या बांध्यांत उतरतो.

या श्रावणात मीही तशीच उतरले. निमित्त होते एका महाविद्यालयातल्या बोलीभाषांवरच्या चर्चासत्राचे. चर्चासत्र दोन दिवसांचे; मी आणखी तीन दिवस जोडून घेतले. वीसएक वर्षे मराठी शिकवणाऱ्या बाईला इथे पहिल्याच सकाळी एक गोष्ट कळते, ती ही की आपण शिकवतो ती मराठी इथे पाहुणी आहे. रिक्षावाला हिंदीत बोलतो, भाजीवाली पोवारीत भाव सांगते, शेजारच्या छत्तीसगडचा हेल दुकानादुकानांतून ऐकू येतो, आणि मराठी म्हणून जी कानावर पडते ती झाडीबोली, जिच्यात ‘ण’चा सरळ ‘न’ होऊन जातो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही हाकेच्या अंतरावर. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा; तलावांचा, भातगिरण्यांचा, विडीच्या कारखान्यांचा. आपल्याच राज्यात मला दुभाषा लागतो की काय, अशी वेळ आली, आणि त्या वेळेने माझे लक्ष एका निराळ्याच गोष्टीकडे वळवले.

परदेशातली नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. मुलगा किंवा जावई इंजिनियर असतो, कंपनी त्याला दोन-तीन वर्षांसाठी बाहेर धाडते, विमानतळावर हार पडतात, आणि आई लोणच्याची बरणी नीट बसली की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत पाहत असते. वाहतूक नेहमी इथून तिकडे. पण तिकडून इकडे, आणि तेही दिल्ली-मुंबईला नव्हे, तर थेट गोंदियाला कोणाची नेमणूक होत असेल, हे आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः अशा नेमणुका इथे शंभराहून अधिक वर्षे होत आल्या आहेत.

पहिली माणसे आगगाडीने आणली. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. नागपूर ते आसनसोल हा तिचा मोठा मार्ग १८९१ साली पुरा झाला आणि गोंदिया त्या मार्गावरचे ठाणे बनले. पुढे १९०३ ते १९०५ या वर्षांत इथून जबलपूरकडे सातपुड्याच्या रानातून ‘छोटी लाईन’ गेली. रूळ टाकायला, पूल बांधायला, गाड्या चालवायला जे गोरे साहेब आले, ते आजच्या भाषेत परदेशी नेमणुकीवरचे अधिकारीच. त्यांनी परमुलुखात राहण्याचा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता: परमुलुखात राहायचेच नाही! जिथे जायचे तिथे आपला मुलूख बरोबर न्यायचा. वेगळी वसाहत, वेगळा क्लब, खानसामा, आया, उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण. ज्याच्यामागे साम्राज्य उभे आहे त्याला हे परवडते. आज जो परदेशी माणूस कामासाठी येतो त्याच्यामागे फक्त एक नेमणूकपत्र असते, आणि भाजी त्याला बाजारातूनच आणावी लागते.

तो आज कुठे येतो, तर बिरसीला. गोंदियापासून थोड्या अंतरावरचे हे गाव. १९४० साली, महायुद्धाच्या धामधुमीत, इंग्रजांनी इथे विमानांची धावपट्टी बांधली. युद्ध संपले आणि धावपट्टी कित्येक वर्षे तशीच उन्हात पडून राहिली. मग गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ ते २०११ या काळात केंद्रात नागरी विमानवाहतूक खात्याचे मंत्री झाले, आणि बिरसीचे दिवस पालटले. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून २००८ च्या सुमारास इथे वैमानिक घडवणारी संस्था उभी केली. डायमंड कंपनीची लहानगी विमाने, मुळची ऑस्ट्रियातली, धानाच्या हिरव्या चौकटींवरून घिरट्या घालू लागली. बांधीत वाकलेल्या बाया आता मान वर करूनही पाहत नाहीत. बगळा गेला काय आणि विमान गेले काय!

विमानाच्या धंद्यात एक सोय मोठी छान आहे. आकाशात सगळ्यांची भाषा एक. अक्षरांना ठरलेली नावे आहेत, अल्फा, ब्राव्हो, चार्ली. वाक्ये ठरलेली आहेत, उत्तरे ठरलेली आहेत. वैमानिकाला इंग्रजी किती यावे याची पायरीसुद्धा आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने २००८ सालापासून नेमून दिली. त्यामुळे कॅनडाचा माणूस आणि कामठ्याचा मुलगा दोन हजार फुटांवर एकमेकांना नीट समजतात. पंचाईत होते ती खाली उतरल्यावर. जमिनीवर अल्फा-ब्राव्हो नाही. दूधवाल्याला ‘उद्या नको’ कसे सांगायचे, शेजारीण ‘जेवलात का?’ म्हणते ते निमंत्रण की नुसती विचारपूस, ‘हो, होऊन जाईल’ म्हणजे आज, उद्या की कधीच नाही, याची पुस्तके कोणतीही संस्था देत नाही.

वैमानिकाचेच कशाला, कोणत्याही परदेशी नेमणुकीचे हेच आहे. काम अवघड असते हे खरे, पण ते त्याचे काम असते. ते येते म्हणून तर त्याला धाडलेले. यंत्र सगळीकडे एकाच रीतीने चालते. संध्याकाळ मात्र प्रत्येक गावाची निराळी असते.

माझी उतरायची सोय ज्या घरात केली होती, त्या घराच्या माडीवर काही वर्षांपूर्वी एक युरोपातले जोडपे भाड्याने राहत असे. नवरा कामासाठी इकडे आला होता. कोणत्या कामासाठी, ते इथे सांगायचे कारण नाही. घरमालकीणबाई बोलक्या, आणि दुपारच्या निवांत वेळी त्यांनी मला त्या दोघांची सगळी हकीकत सांगितली. त्यांच्या बोलण्यात साहेबाचा वाटा थोडा होता. साहेब सकाळी गाडीत बसून जात, अंधार पडल्यावर येत, हसून नमस्कार करत, झाले. गोष्ट होती ती त्याच्या बायकोची.

“मॅडम, पोरगी लई हुशार होती,” बाई म्हणाल्या. “तिकडे शाळेत शिकवत होती. इथं आली आन् दिवसभर त्या खिडकीत. मी म्हणायची, हे काय करून राहिली ही? तर काही नाही. रस्ता पाहून राहिली!”

तिने जवळच्या शाळेत विनामूल्य शिकवण्याचीही तयारी दाखवली होती. पण तसे करणे नियमात बसते की नाही, याविषयी कोणी छातीठोक सांगेना. नोकरीच्या व्हिसावर येणाऱ्याच्या बायकोला प्रवेशाचा जो व्हिसा मिळे, त्याला सरकारी भाषेत ‘एक्स’ हे अक्षर होते, आणि त्यावर नोकरी करता येत नसे. मला शाळेतले बीजगणित आठवले. सगळ्या समीकरणात ज्याची किंमत कोणालाच ठाऊक नसते, तो हा ‘एक्स’! कंपनी नवऱ्याचा पगार मोजते, घरभाडे मोजते, विमानाची तिकिटे मोजते. आणि ज्या एका माणसाच्या सुखदुःखावर ही सगळी बेरीज उभी असते, त्याची किंमत धरायची राहून जाते.

मग मे महिना आला. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला. मुलीने बाहेर पडणे सोडले. पाणी तीन-तीनदा उकळू लागली, हात सारखे धुऊ लागली, दुकानदार आपल्याला फसवतो असे म्हणू लागली. घरमालकीणबाईंना वाटले, हिला उन्हाळा बाधला. पण बाईंनी सांगितलेली एक-एक खूण ऐकताना मला नवल वाटत होते, कारण ती यादी मी पूर्वी वाचलेली होती. कालेर्वो ओबर्ग नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ होते. परक्या संस्कृतीत जाऊन पडलेल्या माणसाला बसणाऱ्या धक्क्याविषयी त्यांनी १९५४ साली ब्राझीलमध्ये एक भाषण केले, आणि तो शब्द जगभर रूढ झाला. हातांची अतोनात स्वच्छता, पाण्या-अन्नाचे भय, शून्यात लागलेली नजर, आपण लुबाडले जात आहोत ही शंका, आणि घरी जायची अनावर ओढ, ही सगळी लक्षणे त्यांनी तेव्हाच नोंदवली होती. मुख्य म्हणजे ते भाषण कंपन्यांच्या साहेबांपुढे नव्हते. रिओ शहरातल्या महिलामंडळापुढे होते. दुखणे कुठे आहे हे ओबर्गना बरोबर कळले होते.

पुढे संशोधकांनी याचे आलेखही काढले. नॉर्वेहून अमेरिकेला गेलेल्या अभ्यासकांविषयी लिसगार्ड यांनी १९५५ साली लिहिले की पहिले काही महिने बरे जातात, मग मन खाली जाते, आणि सहा ते अठरा महिन्यांचा काळ सर्वांत कठीण असतो. त्यानंतर ते हळूहळू वर येते. रोझाली तुंग यांनी १९८० नंतरच्या वर्षांत अमेरिकन कंपन्यांना विचारले की परदेशी धाडलेला अधिकारी मुदतीआधी का परततो? उत्तरात पहिल्या क्रमांकावर तांत्रिक ज्ञान नव्हते, पगार नव्हता. बायकोला तिथे रुळता आले नाही, हे होते. मला या उत्तरात बायकोवर ठपका ठेवल्यासारखा वाटतो. रुळायला तिला काय दिले होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

वाचक म्हणतील, बोलीभाषांच्या चर्चासत्राला गेलेल्या बाईला या चौकश्या कशाला? त्याचे कारण घरचे आहे. माझी धाकटी बहीण बँकेत अधिकारी होती. नवऱ्याला कंपनीने तीन वर्षांसाठी जर्मनीत श्टुटगार्टला धाडले, तेव्हा तिने ती नोकरी सोडली. जर्मनीत तिला काम करायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण कायद्याने दिलेली परवानगी जिभेने दिली नाही. जर्मन येईना, आणि जर्मन आल्याशिवाय बँकेत कोण घेणार? तिची भाषा दुकानातल्या चार शब्दांपुरती झाली तेव्हा परतायची वेळ आली. परतल्यावर तिच्या जागी दुसरे माणूस बसले होते; आणि नवऱ्याने तिकडे जे शिकून आणले ते त्याला इथल्या कचेरीत कोणी एकदाही विचारले नाही. जाताना हार, येताना साधी चौकशीही नाही. परतल्यावर मन दुसऱ्यांदा खाली जाते, हेही १९६३ साली गलहॉर्न पतिपत्नींनी दाखवून दिलेले आहे. आमच्या घरी ते कोणी वाचलेले नव्हते. आता कंपनी जपानला दोन वर्षे जा म्हणते आहे. मी गोंदियाला निघण्याच्या आदल्या दिवशी बहिणीने फोन करून एवढेच विचारले, “ताई, जाऊ का?” सातवीतली मुलगी, नुकतीच पुन्हा लागलेली लहानशी नोकरी, आणि साठी ओलांडलेले सासूसासरे, सगळे त्या दोन शब्दांत होते. मी उत्तर न देताच गाडीत बसले होते.

तिसऱ्या दिवशी मी तिरोड्याच्या बाजूला गेले. धान, धान आणि धान. आणि एकाएकी आभाळात घुसलेल्या चिमण्या. अदानी समूहाचे हे औष्णिक वीजकेंद्र ३३०० मेगावॉटचे, ६६० मेगावॉटचे पाच संच. पहिला संच २०१२ साली सुरू झाला, शेवटचा २०१४ साली. यातली यंत्रे चीनमधून आली. त्या काळात देशभर जिथे जिथे चिनी यंत्रे बसत होती, तिथे तिथे ती बसवायला चिनी तंत्रज्ञही येत होते. २००९ साली सरकारने फर्मान काढले की व्यापारी व्हिसावर येऊन प्रकल्पावर काम करता येणार नाही. परत जा आणि नोकरीचा व्हिसा घेऊन या. अर्धवट जोडलेले यंत्र सोडून माणसे निघाली. परदेशी नेमणुकीवरच्या माणसाचे हेही एक दुखणे: ज्या दोन सरकारांच्या मध्ये तो उभा असतो, त्यांच्या रागलोभाशी त्याचा संबंध नसतो, पण बॅग मात्र त्याला भरावी लागते.

कागदपत्रांची गंमत निराळीच. १८० दिवसांहून अधिक राहायचे असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नाव नोंदवायचे. ते जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत. म्हणजे परदेशी माणसाचे आपल्या गावातले पहिले स्वागत पोलीस करतात! २००८ सालच्या नियमाने त्यांचाही भविष्य निर्वाह निधी कापला जाऊ लागला, आणि पुढे तो अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत अडकू लागला. तिशीतला माणूस दोन वर्षांची नोकरी करून जाणार आणि पैशांची वाट निम्मे आयुष्य पाहणार! कॅनडाशी यासंबंधीचा करार २०१५ सालापासून लागू झाला, तेव्हा तिथल्या लोकांची त्यातून सुटका झाली. या जंजाळात एक नियम मात्र मला फार शहाणा वाटला. २०१० च्या सुमारास असे ठरले की परदेशी माणसाला इथे नोकरीचा व्हिसा हवा तर त्याचा पगार वर्षाला निदान २५ हजार डॉलर हवा. त्यातून ज्यांना सूट दिली त्यांत दोन जाती आहेत: आपापल्या देशाचे जेवण रांधणारे स्वयंपाकी, आणि परभाषांचे शिक्षक व दुभाषे. कोणा अज्ञात कारकुनाने माणसाच्या दोन मूळ गरजा अचूक ओळखल्या होत्या. घास ओळखीचा हवा, आणि शब्द कळणारा कोणी तरी हवा.

तिरोड्याजवळून वैनगंगा वाहते. शिवनीच्या डोंगरात उगम पावून, बालाघाटवरून ती इकडे येते. रुडयार्ड किपलिंगने १८९४ सालच्या ‘जंगल बुक’मधून जगभर पोचवली ती हीच नदी आणि हाच सातपुडा. पण त्या काठावर बसले असताना मला मोगली आठवला नाही. आठवला तो खुद्द किपलिंग. त्याचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले. म्हणजे परदेशी नेमणुकीवरचा एक प्राध्यापकच. त्याच वर्षाअखेर मुंबईत रुडयार्डचा जन्म झाला. आयांच्या मांडीवर तो इथली भाषा बोलायला शिकला. आणि सहावे वर्ष लागायच्या सुमारास, १८७१ साली, इतर साहेबांच्या मुलांप्रमाणे त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडला नेऊन अनोळखी कुटुंबाच्या हवाली करण्यात आले. आईबाप मुंबईला परतले. त्या घरातल्या छळाच्या आठवणी त्याला जन्मभर पुरल्या. साहेबाने आपला मुलूख बरोबर नेला होता खरा, पण त्याची किंमत मुलांकडून वसूल झाली. माणसांत माणूस नाही आणि लांडग्यांत लांडगा नाही असे ते पोर किपलिंगला कुठून सुचले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. तेही त्याने लिहिले कुठे, तर अमेरिकेत, आणखी एका परमुलुखात!

अशा दोन मुलखांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांना ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ हे नाव रूथ युसीम या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिले; आणि तेही १९५० नंतरच्या वर्षांत भारतात काम करणारी अमेरिकन कुटुंबे पाहून. अशी मुले कुठेही मिसळतात, पण ‘तू कुठली?’ या सोप्या प्रश्नाला अडखळतात. माझी भाची जर्मनीहून आली तेव्हा वर्गातल्या मुली तिला ‘जर्मन’ म्हणत. श्टुटगार्टला ती ‘इंडियन’ होती. या दोन्ही नावांवर ती हसत असे. ते हसणे मला कधी आवडले नाही.

म्हणजे काय, घर सोडून जाऊच नये? तसे म्हणणे मला जमणार नाही, कारण मी मुळची सोलापूरची. आमच्या गावचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉक्टर चोळकर होते. यथाकाल बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस राहिले. त्यांच्या धाडसाच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात; पण एक साधी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ते चिनी शिकले. रोग्यांशी बोलण्यापुरती नव्हे, तर विद्यार्थ्यांना शिकवण्याइतकी. ती भाषा आली म्हणून त्यांना तिथे रुग्णालयाची धुरा मिळाली आणि गुओ चिंगलान ही सहचरी मिळाली. दोघांनी मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. परक्या मुलखात पाहुणा राहायचे की माणूस व्हायचे, हे भाषेवर ठरते. पण त्या थोरवीचा हिशेब सोलापुरातही मांडला पाहिजे. वडील गेल्याची बातमी कोटणिसांना तिकडेच कळली, आणि घराने मुलगा पुन्हा पाहिला नाही. जाणाऱ्याच्या चरित्रात मागे राहिलेल्यांना एखादी ओळ मिळते. प्रत्यक्षात त्यांचीही ती नेमणूकच असते, बिनपगारी.

शेवटच्या दिवशी नवेगावबांधला गेले. मारुती चितमपल्लीही सोलापूरचेच. वनखात्याच्या नोकरीत या तळ्याकाठी त्यांचे दिवस गेले. इथल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची, झाडांची, चिखलाची नावे विचारून घेतली आणि मराठीला शेकडो शब्द मिळवून दिले. परमुलूख नव्हता तो, पण रीत तीच: साहेब म्हणून येऊन विद्यार्थी म्हणून राहायचे. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोरग्येलिंग ही तिबेटी लोकांची वसाहत आहे, १९७२ साली वसवलेली. प्रार्थनेच्या पताका आणि त्यांच्याशेजारी धानाचा बांध. या माणसांना कोणी नेमणूकपत्र दिले नव्हते, मुदत दिली नव्हती, परतीचे तिकीट तर नाहीच. त्यांच्यापुढे आपल्या इंजिनियरांच्या दुखण्यांचे काय कौतुक, असे क्षणभर वाटले. पण दुखण्यांची अशी तुलना करू नये. नेमणुकीवरच्या माणसाची अडचण नेमकी त्या परतीच्या तिकिटातच असते: ते खिशात असल्यामुळे तो कुठेच नीट रुजत नाही.

रुजण्यावरून आठवले. घरमालकीणबाईंचे यजमान निवृत्त शिक्षक, आणि अजूनही शेतात उतरणारे. त्या परदेशी मुलीचे पुढे काय झाले, असे मी निघताना विचारले, तेव्हा गुरुजी म्हणाले, “पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधीत रोवले की आठ दिवस पिवळे पडतेच, मॅडम. तेवढ्यानं ते मेलं म्हणायचं नाही. पण त्या आठ दिवसांत पाणी तुटू द्यायचं नाही.” आणि पाणी कोणी दिले? बाईंनी. दिवाळीत चकलीचा सोऱ्या घेऊन त्या माडीवर गेल्या आणि खुणांनीच म्हणाल्या, मला एकटीला होत नाही, ये मदतीला. चकल्या तुटल्या. पण त्या दिवसापासून मुलगी खाली येऊ लागली. गल्लीतली पोरे तिच्याकडे इंग्रजी बोलायला आणि ती त्यांच्याकडून हिंदी-मराठी शिकायला. मुदत संपल्यावर ती रडत गेली.

परत आल्यावर बहिणीला मी ‘जा’ही म्हटले नाही आणि ‘जाऊ नको’ही म्हटले नाही. चार गोष्टी कंपनीला आधी विचार, म्हटले. भाषेची शिकवणी दोघांना मिळणार की नुसती नवऱ्याला, आणि तीही निघण्याआधी की पोचल्यावर? जपानात नोकरदाराच्या बायकोला परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येते. ती परवानगी आणि ते काम मिळवायला मदत कोण करील? मुलीचे शाळेचे वर्ष मध्येच तोडायचे की पुरे होऊ द्यायचे? आणि परत आल्यावर नवऱ्याला कोणत्या खुर्चीवर बसवणार, हे आजच कागदावर लिहून देणार का? तीन गोष्टी कंपनीने मान्य केल्या. खुर्चीचे मात्र ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ असे उत्तर आले. जाणे एप्रिलपर्यंत पुढे गेले आहे. सध्या मायलेकी रोज रात्री जपानी अक्षरे गिरवतात. भाची आईच्या चुका काढते. सासूबाईंना फोनवर चेहरा पाहून बोलायचे शिकवून झाले आहे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय सही करायची नाही, असे बहीण म्हणते, आणि या वेळी तिच्या आवाजात बँकेतला जुना अधिकारी बोलतो.

आता आपल्या बाजूचे थोडेसे. आपल्या शहरांतल्या इमारतींतही अलीकडे एखाद्या दारावर परके नाव दिसते. कोरियाचा, जपानचा, जर्मनीचा कोणी तरी कारखान्यात कामाला आलेला असतो. तो सकाळी जातो, रात्री येतो, आणि खिडकीत दिवसभर कोणी तरी उभे असते. फराळाची ताटे घरोघर फिरतील तेव्हा त्यातले एक तिकडेही जाऊ द्यावे. चकली तिखट लागेल, लाडू फार गोड लागेल. त्याने काही बिघडत नाही. ‘परत कधी जाणार?’ हे मागाहून विचारता येईल. आधी नाव विचारावे.